बरां आसा

‘बोगस’ हा शब्द आमच्या वाडीत पूर्वी फक्त खताला आणि बियाण्याला लावत. गेल्या शिमग्यापासून तो माझ्या थोरल्या जावेला लावतात. तिचं नाव वर्तमानपत्रात छापून आलं, बोगस रुग्णांच्या यादीत, तेही पहिल्या क्रमांकावर. ज्या बाईने उभ्या आयुष्यात कुणाचे पसाभर तांदूळ उसने ठेवले नाहीत, तिच्या नावापुढे हे. आणि ती यादी माझ्या हातची होती, म्हणून हे मीच लिहायला हवं.

मी गावात आशा सेविकेचं काम करते. घरोघर जाऊन तब्येती विचारायच्या, रजिस्टरात लिहायच्या, गरज वाटली तर आरोग्य केंद्रात न्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडच्या माणसाला तब्येत विचारणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. मुंबईहून आलेल्या डॉक्टरांना हे कळत नाही. मालवणी माणसाला ‘कसां काय?’ विचारलं की अंगात ताप फणफणत असला तरी तो म्हणणार, ‘बरां आसा’. यात खोटं बोलण्याचा हेतू नसतो, ती रीत आहे. दुखणं घरच्या माणसाला सांगावं, फार झालं तर देवळात देवाला. परक्यापुढे ते उगाळत बसणाऱ्याला आमच्याकडे किंमत नाही. म्हणून मी प्रत्येकाला तीनदा विचारते. पहिल्यांदा ‘बरां आसा’ येतं, दुसऱ्यांदा ‘तसां काय नाय’ येतं आणि तिसऱ्यांदा माणूस दुसरीकडे बघत खरं काय ते सांगतो. ही माझी वीस वर्षांची पद्धत आहे आणि ती कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेली नाही.

थोरलीलासुद्धा मी तीनदाच विचारलं होतं. थोरले दीर बोटीवर नोकरीला होते, ते वारून बारा वर्षं झाली. मूलबाळ नाही. आमची घरं लागून, विहीर एक. दिवाळीनंतर एके दिवशी बघितलं, ती कळशी डाव्या हाताने उचलायची ती उजव्याने उचलू लागली. मी विचारलं. तिसऱ्या वेळी तिने विहिरीत बघत सांगितलं, “हंय वायच गाठ आसा गो. दुखना नाय.” मी तिला घरात नेऊन बघितलं. डाव्या स्तनात काजूच्या बीएवढी कडक गाठ होती. न दुखणारी गाठ वाईट, एवढं मला कळतं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरणीने तपासून सांगितलं की वेळ घालवू नका, मोठ्या रुग्णालयात नेऊन तुकडा काढून तपासा.

आता मोठं रुग्णालय म्हटलं की प्रवास आला, राहणं आलं, ओळख आली. त्या विवंचनेत होते तेवढ्यात आमच्या वाडीतला कार्यकर्ता दारात उभा राहिला. याला कार्यकर्ता म्हणतात कारण तो दुसरं काही करत नाही. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या मागे गाडीतून फिरणं हा त्याचा धंदा. त्या पुढाऱ्याचा आणि घाटावरच्या एका विद्यापीठाच्या अध्यक्षाचा तेव्हा गळ्यात गळा होता. त्या विद्यापीठाचं प्रचंड रुग्णालय आहे, त्याला जोडून डॉक्टर घडवायचं कॉलेज.

“आशाताई, एक बस भरूक होयी,” तो म्हणाला. “चाळीस माणसां. मोफत तपासणी, जेवाण थंयच, रात्री घराक.”

मला वाटलं देव पावला. मी रजिस्टराचं नवं पान काढलं आणि पहिलं नाव थोरलीचं लिहिलं. खरी आजारी तीच होती. पुढची नावं कार्यकर्ता सांगत गेला आणि मी लिहीत गेले. दहाबारा नावं झाल्यावर माझा हात अडखळला. सगळी धडधाकट माणसं. त्यातला एक तर आदल्या दिवशी माडावर चढून नारळ पाडत होता. मी म्हटलं, “ह्येका काय झालां हा?” तो हसला आणि म्हणाला, “तपासणीत कळतलां.” मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं. आपल्या माणसाचं काम होतंय ना, मग बाकीच्यांची चौकशी कशाला, असं म्हणून मी पान पुरं केलं.

पहाटे निघालो. कणकवलीला चहा झाला, घाट चढलो आणि उन्हं वर यायच्या आत तिथे पोचलो. सात मजली इमारत, सगळी काच. आत शिरल्याबरोबर अध्यक्षांचा फोटो, माणसापेक्षा मोठा. आम्हाला तपासणीच्या खोलीत नेतील असं मला वाटलं होतं, तर थेट वॉर्डांत नेलं, बायका एकीकडे, पुरुष शेजारी. पलंगांवरच्या गाद्यांचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. झोपलं की कुरकुर वाजे. एका नर्सने येऊन आमच्या माणसांच्या हाताला सलाईनच्या नळ्या चिकटपट्टीने चिकटवल्या. सुई नव्हतीच. वर बाटली, खाली नळी आणि नळीचं तोंड पट्टीखाली दडवलेलं. बिनासुईची सलाईन मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. शिसारीच आली.

मग गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेला एक तरुण आला. तो तिथला समन्वयक. दिल्लीहून समिती येणार होती, रुग्णालयात पुरेसे रुग्ण आणि पुरेसे प्राध्यापक आहेत का ते मोजायला. ते नसले तर कॉलेजची मान्यता जाणार. म्हणून तो प्रसाद वाटावा तशी दुखणी वाटत निघाला. तुम्ही पोटदुखी, तुम्ही दमा, तुम्ही चार दिवस ताप. आमच्या भजनीबुवांना मुतखडा मिळाला. बुवांना पाठांतराची सवय, त्यांनी तो दोनदा म्हणून दाखवला आणि तिसऱ्या वेळी आपल्या पदरची एक कळही घातली.

मी समन्वयकाला बाजूला घेतलं. म्हटलं, “साहेब, आमची एक बाई खरोखर आजारी आहे. छातीत गाठ आहे. तिला डॉक्टरांना दाखवायचंय.”

“खरोखर? उत्तम!” तो म्हणाला. “त्यांना दारापाशी ठेवा. एक नंबर पलंग.”

उत्तम! शिरा पडो त्याच्या उत्तमावर.

एक पांढरा कोट घातलेले गृहस्थ घाईघाईने माझ्याकडे आले आणि विचारू लागले, “ऑपरेशन थिएटर कुठल्या मजल्यावर आहे हो?” मी म्हटलं, “मी आजच आले बसने.” ते म्हणाले, “मीपण आजच आलोय,” आणि हसले. त्यांच्या कोटाच्या खिशावर ‘प्राध्यापक, शस्त्रक्रिया’ असं लिहिलेलं होतं. त्यांना हसू येत होतं आणि मला त्यांच्या हसण्याची किळस येत होती. या माणसाकडे मी थोरलीला दाखवायला आणलं होतं.

समिती आली. पुढे पांढऱ्या केसांचे एक मराठी डॉक्टर होते, दमलेले, चष्मा पुसत चालणारे. ते दारातल्या पहिल्या पलंगापाशी थांबले आणि त्यांनी विचारलं, “मावशी, काय त्रास होतोय?”

थोरली उठून बसली. डोक्यावरून पदर घेतला, नळी चिकटवलेला हात दुसऱ्या हाताला जोडला आणि पाहुण्याशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, “काय नाय. बरां आसा.”

“मग इथे कशाला आलात?”

“बस इली म्हणान इलंय.”

मागे कोणीतरी खुसखुसलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि वहीत लिहिलं. मी भिंतीला टेकून उभी होते, तीन पावलांवर. मला माहीत होतं की ही पहिली खेप आहे, अजून दोनदा विचारलं असतं तर ती बोलली असती. शिवाय चार पुरुषांच्या देखत छातीतली गाठ सांगायची कशी? मी पुढे होऊन सांगायला हवं होतं. पण समन्वयकाने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या मनात आलं, मी बोलले तर विचारतील ही कोण, मग विचारतील बस कोणी भरली, मग माझं काम जाईल. मी भिंतीपासून हलले नाही. डॉक्टर पुढच्या पलंगाकडे गेले. तिथे पोटदुखीने आपला पाठ म्हटला, पुढे दम्याने म्हटला. पुरुषांच्या वॉर्डात बुवा मुतखड्याने असे कळवळले म्हणे, की समितीतल्या एकाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दुपारी कोंबडीवड्यांचं जेवण झालं. मुतखड्याने दोनदा मागून घेतलं. निघताना प्रत्येकाच्या हातात एकेक कागद दिला. थोरलीच्या कागदावर होतं: ‘तपासणी केली. कोणताही आजार आढळला नाही. घरी पाठवले.’ खाली शिक्का, सही. दिवसभरात तिच्या अंगाला एका माणसाने हात लावला नव्हता.

तिने तो कागद घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. बसमध्ये मला म्हणाली, “बघ, मोठ्या दाक्तरान लिवल्यान काय नाय म्हणान. तू आपला उगाच माका घाबरयलंस.”

“वैनी, त्यांनी तुमका हातसुद्धा लावूक नाय. तां तुमच्याच तोंडचां लिवल्यानी.”

“एवढो शिक्को मारलो तो काय खोटो?” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

त्यानंतर मी आठवड्याला एकदा तिच्यामागे लागायचे आणि ती आठवड्याला एकदा तो कागद काढून दाखवायची. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरणीची बदली झाली. नव्या आलेल्या पुरुष डॉक्टरांपुढे थोरली काही पदर काढेना. कागदाने तिला धीर दिला होता, आणि माणसाला धीर मिळाला की तो सोडवत नाही. मी भांडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. शेवटी मीही दमले. कधीकधी तर मलाही वाटायचं, खरंच काही नसलं तर?

शिमग्याच्या सुमारास पुढाऱ्याचं आणि अध्यक्षाचं बिनसलं. कशावरून ते आम्हाला कोण सांगणार? पुढाऱ्याने पक्ष बदलला आणि त्याचे डोळे उघडले. त्याला एकदम दिसलं की त्या रुग्णालयात डॉक्टर भाड्याचे आहेत, रुग्ण बसने आणलेले आहेत आणि हा गोरगरिबांच्या जिवाशी खेळ आहे. त्याने उच्च न्यायालयात याचिका टाकली. पत्रकार परिषद घेतली. याचिकेला बोगस रुग्णांची यादी जोडली. यादी कुठून मिळाली? कार्यकर्त्याने माझ्या रजिस्टराच्या पानाचा फोटो काढून ठेवला होता, बस भरताना. माझं अक्षर, माझे अनुक्रमांक. आजारी म्हणून मी जिला पहिली घातली होती ती बोगसांत पहिली आली. आणि समितीच्या वहीतलं तिचं वाक्यही कुठूनतरी मिळवून पुढाऱ्याने माईकवर वाचून दाखवलं, ‘बस आली म्हणून आले’. लोक खदखदून हसले. तो व्हिडिओ आमच्या वाडीतल्या प्रत्येक मोबाईलवर आला. ज्याने बसची ऑर्डर दिली तो पुढारी व्यासपीठावर, ज्याने बस भरायला लावली तो कार्यकर्ता त्याच्या मागे उभा, छातीला बिल्ला लावून. एवढा निर्लज्जपणा अंगी यायला काय खावं लागतं कोण जाणे.

मजा म्हणजे भजनीबुवा यादीतून वगळले गेले. समितीने त्यांना खरा रुग्ण ठरवलं होतं.

स्टॉपवरची माणसं थोरलीला विचारू लागली, “काय काकी, बस इली काय?” तिने सोमवारचं भजन सोडलं. मग बाजार सोडला. गाठ तोवर कोकमाच्या रतांब्याएवढी झाली होती, वरची कातडी ओढलेली. एका दुपारी ती स्वतः माझ्याकडे आली आणि न विचारता म्हणाली, “आता दुखता.”

मी गोव्याच्या रुग्णालयात जायचं ठरवून आमचं सामान बांधायला घेतलं आणि त्याच आठवड्यात दोन्हीकडची माणसं हजर झाली. आधी समन्वयक, मोठ्या गाडीतून, सोबत फोटो काढणारा. “मावशी, आमची चूक झाली. तुमचं ऑपरेशन आम्ही मोफत करतो. फक्त एक सही. त्या दिवसापासूनच आमचे उपचार चालू होते, एवढंच.” त्याच्याकडे केसपेपर तयार होता, आधीच्या तारखा घालून. सहा महिन्यांची औषधंसुद्धा लिहिलेली. ती औषधं मी एकेक करून वाचली. थोरलीने विचारलं, “आणि फोटो कित्याक?” तो म्हणाला, “लोकांना विश्वास वाटावा म्हणून.” तिने त्याला पाणी दिलं आणि सही दिली नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यकर्ता. त्याला गाडीचा सुगावा लागला होता. “काकी, त्यांच्या नादाक लागा नकात. कोर्टाची तारीख पडली हा. तोवर खंयच जाव नकात. ऑपरेशन झालां तर ते म्हणतले बाई खरीच आजारी होती, आणि आमची केस बारगळतली.”

मी म्हटलं, “आणि गाठ?”

“आशाताई, एवढे दिवस गेले. आणखी दोन म्हयन्यान काय होता?”

लहानपणी या पोराला गोवर झाला तेव्हा थोरलीने त्याच्या उशाशी रात्री काढल्या होत्या. त्याची आई बाळंतीण होती. त्याला हे ठाऊक नाही असं नाही. ते ठाऊक असून तो आमच्या पडवीत बसून आमचा चहा पीत हे म्हणत होता. तो गेल्यावर मी कप चुलीतल्या राखेने दोनदा घासला.

आम्ही कुणाला न सांगता गोव्याला गेलो. सावंतवाडीपर्यंत एक गाडी, तिथून दुसरी. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर ट्रकांची रांग होती, गाडी अर्धा तास हलली नाही, आणि थोरली रेशनकार्डाची पिशवी मांडीवर धरून बसून होती. गोव्याच्या रुग्णालयातली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने काही विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पडदा ओढून हात लावून बघितलं. मग मला म्हणाली, “आदीं कित्याक येवंक ना तुमी?” आधी का आलो नाही ते सांगायला थोरलीने रेशनकार्डाच्या पिशवीतून तो कागद काढून तिला दिला. तिने वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली आणि घडी घालून परत थोरलीच्या हातात ठेवला.

ऑपरेशन झालं. डावा स्तन पूर्ण काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. बाहेर मला डॉक्टरने सांगितलं की आजार काखेत पोचलाय, पुढे किती पसरलाय ते आणखी तपासण्यांनी कळेल, थंडीत आल्या असत्या तर नुसती गाठ काढून भागलं असतं. मी हे थोरलीला सांगितलं नाही. तिला सांगायची गरज नव्हती, तिचे डोळे माझ्याकडे वळले आणि मी नजर चुकवली.

घरी येऊन पंधरा दिवस झाले असतील. पडवीत ती खुर्चीवर बसली होती, मी खाली बसून तांदूळ निवडत होते. कार्यकर्ता आला, हातात स्टॅम्प पेपर, बगलेत शाईचा पॅड. ऑपरेशनचं त्याला कळलं होतं. तो ओशाळला असेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, “काकी, काय हरकत नाय. वकिलाक विचारलंय. प्रतिज्ञापत्र फक्त त्या दिवसाचां आसा. त्या दिवशी तुमी बऱ्या होतात, एवढांच. हंय अंगठो लावा.”

“माका सही येता,” थोरली म्हणाली. “काय लिवलां हा तां वाच आधी.”

तो उभ्यानेच वाचू लागला, कचेरीतल्या मराठीत. “मी शपथेवर लिहून देते की, सदर दिवशी मला कोणताही आजार नव्हता. मला कोणताही त्रास होत नव्हता. मला केवळ संख्या भरण्यासाठी पलंगावर झोपवण्यात आले...” त्याचं वाचणं चांगलं आहे, सभांमध्ये ठराव तोच वाचतो. थोरलीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिने खांद्यावरचा पदर मांडीवर घेतला आणि उजव्या हाताने चोळीचे हूक काढू लागली. डावा हात अजून वर जात नव्हता. मी तांदळाचं सूप टाकून उठले, “वैनी, काय करतात ह्यां?”

“तू गप रव,” ती म्हणाली.

ज्या बाईने पुरुष डॉक्टरांच्या देखतही पदर ढळू दिला नव्हता, तिने भर सकाळी उघड्या पडवीत चोळी बाजूला केली. डाव्या बाजूला सपाट कातडी, काखेपर्यंत गेलेली टाक्यांची लाल ओळ, तिच्या खाली पाणी काढायची नळी होती तिथलं भोक अजून ओलं. त्याने चटकन तोंड फिरवलं.

“हयसर बघ,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “आता परत वाच.”

कागद त्याच्या हातात होता. तो वाचेना.

“वाच रे. पयल्यापासून.”